त्रयस्थाची हरकत

१

आमची ही घरात ओरडायची आणि ऑफिसात गोड बोलायची. हे मला सगळ्या गावाने सांगितलं आहे.

ती अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात फोन घ्यायची. कुठे आग लागली, कोणी लिफ्टमध्ये अडकलं, कोणाचा गॅस गळायला लागला, की घाबरलेल्या माणसाला पहिला आवाज ऐकू यायचा तो हिचा. ती गेली तेव्हा भेटायला आलेल्यांत एक अनोळखी गृहस्थ होते. धुराने भरलेल्या खोलीत ते कधीकाळी अडकले होते आणि शिडी पोचेपर्यंत हिने त्यांना फोनवर बोलतं ठेवलं होतं. "बाईंचा आवाज आला की कोणीतरी हात धरल्यासारखं वाटायचं," असं म्हणून ते आमच्या सोफ्यावर बसून रडले. मी त्यांना पाणी दिलं. मनात म्हटलं, वा रे वा! उभा जन्म संसार मी केला आणि हात धरणारा आवाज यांच्या वाट्याला. माझ्या वाट्याला काय, तर "अहो, पंखा बंद करा."

माझं कुलपांचं दुकान आहे. किल्ल्या करतो, अडलेली दारं उघडून देतो. या धंद्यात डोळ्यांपेक्षा कान महत्त्वाचा, आतला खटका बसला की नाही ते ऐकूनच कळतं. आणि त्याच कानातून हिचा आवाज हळूहळू निघून चालला होता. तिचे शब्द आठवायचे, पण माझ्याच आवाजात. सकाळी उठल्यावर मी मनातल्या मनात "अहो" म्हणून बघायचो, तर ते एखाद्या बस कंडक्टरने हाक मारल्यासारखं यायचं. फोटो ढीगभर आहेत. आवाज एकही नाही. लेक दूरच्या शहरात नोकरी करते, रोज आईशी तासन्‌तास बोलायची, पण तिच्याकडेही नाही. बोलणं साठवून ठेवायचं कोणाला सुचतं?

मग एकदा दुकानात किल्ली घासता घासता डोक्यात उजेड पडला. नियंत्रण कक्षात आलेला प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो. ती सरकारी नोंद, आणि सरकारी नोंद कोणाही नागरिकाला अर्ज करून मागता येते. मी शटर ओढलं आणि तसाच निघालो.

२

माहिती अधिकाऱ्यांची खोली अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावर होती. खाली बंब उभे होते आणि ओल्या रबरी नळ्या वाळत टाकलेल्या होत्या. त्यांचा वास जिन्यावरून थेट वरपर्यंत यायचा. खोलीत भिंतभर लोखंडी कपाटं, त्यातल्या एकाचं कुलूप बिघडलेलं म्हणून दार सुतळीने बांधून ठेवलेलं. ते बघून माझे हात शिवशिवले.

अधिकारी म्हणजे लेकीच्या वयाची मुलगी. तिला बारमाही सर्दी असावी, टेबलावर फायलींच्या बरोबरीने रुमालांची चळत होती. तिचं प्रत्येक वाक्य 'नियमानुसार'ने सुरू व्हायचं, म्हणून मी तिचं नाव नियमबाई ठेवलं.

"नियमानुसार," ती शिंक आवरत म्हणाली, "जुनी रेकॉर्डिंग्ज आम्ही मुदत संपली की पुसतो. काकूंच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसांतली तेवढी उरलीयत, तीपण वर्षअखेरीला जातील. वेळेवर आलात, काका."

"मग द्या की."

"नियमानुसार फोन करणाऱ्यांची नावं, पत्ते कापून द्यावे लागतात. आणि त्रयस्थाला विचारावं लागतं."

"आता हा कोण त्रयस्थ?"

"मागणारे तुम्ही, देणारे आम्ही आणि ज्यांच्याबद्दलची माहिती आहे त्या तिसऱ्या. म्हणजे काकू. आवाज त्यांचा आहे ना? त्यांना नोटीस जाते. द्यायला हरकत असेल तर त्यांनी तसं कळवायचं."

"अहो बाई, ती वारली. म्हणून तर मी इथे आलोय."

ती ओशाळली. कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून म्हणाली, "निवृत्तीनंतर वारल्या ना, म्हणून आमच्याकडे नोंद नाही. पुढच्या वेळी दाखला आणा, मी लावून घेते. अर्ज चढवला की नोटीस आपोआप निघते, ती काही मला थांबवता येत नाही. पण उत्तर आलं नाही की हरकत नाही असंच आम्ही धरतो. तुम्ही काळजी करू नका."

मला हसू आलं. जिवंतपणी हिला विचारल्याशिवाय मी भिंतीत खिळा ठोकला नाही, आता मेल्यावरही विचारूनच. "पाठवा, पाठवा," मी म्हटलं. "विचारलंत म्हणून तिलाही बरं वाटेल."

३

दाखला घेऊन पुन्हा गेलो तेव्हा नियमबाई माझ्याकडे बघेना. रुमालाची घडी घालत राहिली.

"काका, हरकत आलीय."

"कोणाची?"

"त्रयस्थाची."

मी दाखला टेबलावर ठेवला. तिने तो वाचला, पुन्हा वाचला आणि शिपायाला हाक मारली. शिपाई नवा होता, ठेक्यावर लागलेला, हिला त्याने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. पण त्याला सगळं स्वच्छ आठवत होतं.

"आज सकाळीच तुमच्या घरी गेलो होतो साहेब. जिना चढून दम लागला. बेल वाजवली तर बाईंनी दार उघडलं. मी बोलायला लागलो तर म्हणाल्या, आधी श्वास घ्या, मग सांगा. त्यांना चष्मा सापडेना म्हणून नोटीस मीच वाचून दाखवली. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, नको म्हणावं. ह्यांना सांगा, कशाला लोकांना कामाला लावताय."

"कशा होत्या दिसायला?"

"दार अर्धंच उघडलं होतं साहेब. पण आवाज चांगला होता."

'आधी श्वास घ्या, मग सांगा' हे हिचं ऑफिसातलं वाक्य. ते तिला इतकं अंगवळणी पडलं होतं की लेक लहानपणी शाळेतून रडत आली तरी ही तेच म्हणायची. या शिपायाला ते कुठून ठाऊक?

"मजला चुकला असेल," मी म्हटलं.

"दारावर पितळी किल्ली टांगलेली आहे ना, हातभर लांब?"

आहे. दुकानाची जुनी पाटी आहे ती. मीच टांगलीय.

४

माझ्या दाराचं कुलूप मी स्वतः बनवलेलं आहे. बाहेरून किल्लीने दोन वेढे द्यायचे, म्हणजे पक्कं लागतं. आतून मूठ फिरवली की उघडतं, आणि दार नुसतं ओढून घेतलं तर एकाच वेढ्यावर बसतं. मी कायम दोन वेढे देतो. कुलूपवाल्याच्याच घरी चोरी झाली तर लोक दुकानावरून हसत जातील.

त्या दिवशी घरी आलो, किल्ली घातली, आणि दार एका वेढ्यात उघडलं.

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. स्वतःला म्हटलं, विसरला असशील. वय झालं. दाखल्याच्या गडबडीत निघालास, एकच वेढा दिलास. कुलूप सोडवून बघितलं. कोणी तार घातली असती तर पितळेवर चरे दिसले असते. एकही नव्हता. या घराची दुसरी किल्ली होती, ती हिच्या पर्समध्ये असायची आणि ती पर्स लेक आठवण म्हणून घेऊन गेली.

घरात सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त बाहेरच्या खोलीतला पंखा बंद होता. मी तो बंद करत नाही. ती गेल्यापासून पंखा मुद्दाम चालू ठेवून जातो, कोणी ओरडत नाही ना म्हणून. खोलीत बसलो तर इतकं शांत होतं की स्वयंपाकघरातल्या नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं.

लेकीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, शिपाई न येताच आल्याचं सांगत असेल. आणि वीज गेली असेल, पंखा नंतर लागलाच नसेल."

"वीज आली की पंखा लागतो गं."

"तुम्ही नीट जेवताय ना?"

"तुझ्या आईसारखं बोलू नकोस."

"कोणीतरी बोलायला नको का?" ती म्हणाली. फोन ठेवताना ती हळूच म्हणाली, "सापडलं तर मलाही ऐकवा."

५

एकदा नोंदवलेली हरकत नियमबाईला खोडता येत नव्हती. मेलेल्या माणसाची हरकत कशी असेल, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, "नियमानुसार ते ठरवायला सुनावणी लागते." सुनावणी मोठ्या साहेबांसमोर होते, आणि तिचीही नोटीस दोघांना जाते. अर्जदाराला आणि त्रयस्थाला.

"बाबा, सोडून द्या," लेक म्हणाली. "हात दाखवून अवलक्षण कशाला?"

पण मी हट्टाला पेटलो होतो. माझ्या घरात कोण शिरतंय ते मला बघायचं होतं, असं मी सगळ्यांना सांगत होतो. खोटं कशाला बोलू, मला नुसतं बघायचं नव्हतं. नोटीस निघाली की दार आतून उघडतं, एवढं मला कळलं होतं. ते कळल्यापासून मी दाढी रोज करायला लागलो.

दुकान बंद ठेवून मी घरी बसून राहिलो. सबंध सकाळ कोणी आलं नाही. दुपारी दूध आणायला खाली उतरलो, दोन वेढे दिले, मुद्दाम मोठ्याने मोजून दिले. परत आलो तर जिन्यात शिपाई भेटला, उतरत होता.

"दिली साहेब, बाईंना," तो म्हणाला. "येते म्हणाल्या."

मी धावत वर गेलो. एक वेढा. पंखा बंद. मी तिच्या नावाने हाक मारली. आम्ही एकमेकांना नावाने कधी हाकच मारली नव्हती, त्यामुळे ते नाव त्या खोलीत परक्या बाईचं वाटलं.

कोपऱ्यातल्या तिपाईवर आमचा जुना फोन आहे. त्याची लाइन केव्हाच कापली, यंत्र तेवढं ठेवलंय. ही डावरी होती, रिसीव्हर नेहमी उलटा ठेवायची, वायर उजवीकडे लोंबायची. मी उजव्या हाताचा. ती गेल्यावर पुसताना मी तो सरळ ठेवला होता, वायर डावीकडे.

आता वायर उजवीकडे होती. आणि थोडी हलत होती.

मी तिपाईसमोर खाली बसलो. रिसीव्हर उचलायचा धीर झाला नाही. इतके दिवस ज्या आवाजासाठी सरकारदरबारी खेटे घालत होतो, तो कदाचित एक हात लांब होता, आणि मी लहान पोरासारखा गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो.

६

सुनावणीच्या खोलीला बाहेरच्या बाजूने धुरकट काचेची भिंत होती, तिला लागूनच बाक. मी वेळेच्या आधी पोचलो होतो. नियमबाई दारातच उभी होती, आज एकही शिंक नव्हती.

"काका, बाहेर बसा. त्या आधीच आल्यात. वेगळं बोलायचंय म्हणाल्या. नियमानुसार तसं मागता येतं."

"तुम्ही पाहिलंत?"

"मागच्या दाराने आल्या. माझी पाठ होती." तिने माझा हात धरून मला बाकावर बसवलं आणि आत निघून गेली.

आधी साहेबांचा आवाज आला, जाड, कळेल न कळेल असा. मग हिचा.

शब्द नाहीत कळले. पहिल्यांदा नुसता आवाजच आला, आणि मला वाटलं, अरे, असा होता होय! थोडा खरखरीत, वाक्याच्या शेवटी खाली बसणारा, 'स'ला किंचित शिट्टी. पुढच्या दाताची ती फट मी विसरूनच गेलो होतो. दात तिने कधी दुरुस्त करून घेतला नाही, म्हणायची, यातून हवा खेळती राहते. माझ्या डोळ्यांना धार लागली. हा ऑफिसातला गोड आवाज नव्हता. हा घरचा होता, माझ्यावर वापरलेला, माझा.

"टेपांत लोक ओरडतायत, साहेब," ती म्हणत होती. "हे घरी बसून ते ऐकत राहणार. दुकान उघडणार नाहीत, जेवणार नाहीत. मी ओळखते ना ह्यांना. पालथ्या घड्यावर पाणी."

साहेबांनी काहीतरी विचारलं.

"टेपांतला आवाज निराळा आहे. ज्यांना आता दुसरं कोणी नाही त्यांच्यासाठी असतो तो. ह्यांच्याशी मी तसं कधी बोलले नाही, कारण ह्यांना गरज नव्हती. मी होते ना घरात. पुढे लागेल. ह्यांचा फोन येईल तेव्हा मीच घेणार आहे. तेव्हा ऐकतील. आधीच ऐकून शिळा कशाला करायचा?"

"फोन कधी येणार आहे?" साहेबांनी विचारलं. आता मात्र एकेक शब्द स्पष्ट होता.

ती सांगायला लागली, आणि मी जोरात खोकलो. मुद्दाम. खोकत राहिलो, बाकावर हात आपटत राहिलो, घसा सोलून निघेपर्यंत. थांबलो तेव्हा आत सगळं शांत होतं.

काचेपलीकडे एक आकृती उठून उभी राहिली होती. बुटकी, खांदे थोडे पुढे. तिने डावा हात कानाशी नेला, कानावरचं यंत्र सारखं करावं तसा, आणि ती काचेकडे आली. अगदी माझ्यासमोर. धुरकट काचेतून लांबचं पुसट दिसतं, पण काचेला टेकलेलं स्वच्छ दिसतं, बोटं असोत की अंगठी. आकृतीने हात पुढे केला आणि काच चौकटीत थरथरली. तिथे काहीतरी टेकलं होतं, काच हलली ती मी पाहिली. पण काचेवर तळवा दिसला नाही. काचेवर काहीच नव्हतं.

मी माझा हात त्या जागेवर ठेवला. काच गार होती. मला भयंकर भीती वाटत होती आणि मला तिथून हात काढायचा नव्हता.

७

आत बोलावलं तेव्हा खोलीत साहेब आणि नियमबाई दोघंच होते. साहेब म्हातारे, निवृत्तीला आलेले. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मी त्यांच्या हाताखाली शिकलो," ते म्हणाले. "त्यामुळे ओळख मीच पटवली. मृत्यूचा दाखलाही फायलीत आहे, तोही खरा आहे. दोन्ही खरं असेल तर काय करायचं हे कुठल्या नियमात नाही." त्यांनी नियमबाईकडे पाहिलं. ती खाली बघत होती. "त्या आत्ताच मागच्या दाराने गेल्या. तुमच्यासमोर नको म्हणाल्या, तुम्ही रडाल म्हणून."

"रडून झालं," मी म्हटलं.

"हरकत बाजूला ठेवायचा अधिकार मला आहे. माणूस म्हणून मला वाटतं, तुम्हाला ऐकू द्यावं. हे यंत्र आहे, त्यांची सगळी रेकॉर्डिंग्ज यात आहेत. आज नाही ऐकली तर वर्षअखेरीला पुसली जातील, पुन्हा मागता येणार नाहीत. काय करू?"

यंत्र छोटंसं होतं. एक बटण, त्यावर माझ्या बोटाएवढा खळगा. मला त्या सोफ्यावर रडलेल्या गृहस्थांची आठवण झाली, हात धरल्यासारखं वाटायचं म्हणाले होते ते. लेकीची आठवण झाली, मलाही ऐकवा म्हणाली होती. तिला काय सांगणार होतो मी? पण मग वाटलं, उभ्या जन्मात हिने स्वतःहून माझ्यासाठी एकच वस्तू राखून ठेवली आहे, आणि ती मी कुलूपवाल्याचे हात घेऊन आधीच फोडायला निघालोय.

"अर्ज मागे घेतो," मी म्हटलं.

साहेबांनी डोळे मिटले, हायसं वाटल्यासारखं. नियमबाईने कागद पुढे ओढला. "नियमानुसार कारण लिहावं लागतं, काका."

"लिहा, घरात विचारलं. घरून नको म्हणाले."

तिने तसंच लिहिलं. मी सही केली, उठलो, साहेबांना नमस्कार केला. नियमबाई जिन्यापर्यंत सोडायला आली. खालून नळ्यांचा ओला वास येत होता, कोणीतरी बंब धूत होतं. ती कठड्याला धरून उभी राहिली, नाक ओढलं, आणि नियमाचं नावही न घेता बोलली.

"काका, एक सांगू? जाताना त्यांनी मला मागून विचारलं. तुमच्या गल्लीतले फोन अजून याच केंद्रात येतात का, म्हणून. मी हो म्हटलं." तिचा चेहरा पांढरा पडला होता. "सांगायला नको होतं का?"

"नाही पोरी," मी म्हटलं. "बरं केलंस."

जिना उतरताना मला दर पायरीला भिंत धरावी लागत होती. लेकीला फोन लावला आणि तिने उचलल्याबरोबर सांगितलं, आवाज काही मिळाला नाही गं, पण आई बरी आहे.